गुरुवार, साडेचार

कॅनडा कॉर्नरला चष्म्याच्या दुकानावर
दुसऱ्या मजल्यावरची खोली.
दाराशी नऊ जोडी चपला
आणि पगारेताईंच्या पिशवीतून डोकावणारा
एक शाळेचा बूट. एकच.
दुसऱ्याचं काय झालं
हे आम्ही कुणी विचारत नाही.

पहिल्या दिवशी मी निहारची फाईल घेऊन गेले होते.
डायरीतले लाल शेरे, मुख्याध्यापिकेची दोन पत्रं,
डॉक्टरांचा कागद आणि त्यावर ती चार अक्षरं,
ए डी एच डी,
जी मी बसमध्ये बोटाने झाकून वाचली होती.
वृषालीबाईंनी फाईल घेतली, खिडकीत ठेवली.
म्हणाल्या, ही राहू दे आज. तुम्ही कशा आहात?
मी म्हणाले, तो रात्री अकरापर्यंत झोपत नाही.
हो. आणि तुम्ही?
मी म्हणाले, गणिताच्या वहीत त्याने...
त्या थांबल्या. मीही थांबले.
खाली कुणीतरी रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडत होतं.
ते भांडण मिटलं
तरी मला उत्तर सुचलं नव्हतं.

मी नाशिकरोडला प्रेसमध्ये आहे.
छापलेले ताव तपासते.
रेघ केसभर सरकली, शाई जरा फुटली,
की खूण.
सतरा वर्षं दोष शोधण्याचाच पगार घेते मी,
आणि घरी निघताना
हे डोळे काढून ठेवायला
लॉकर देत नाहीत तिथे.
उघडं दप्तर, खूण.
चुकलेलं बटण, खूण.
अर्धा पिऊन विसरलेला पेला,
हाक मारली तरी न वळलेली मान.
सासूबाई म्हणतात, आई दिवसभर बाहेर, मग पोर असंच होणार.
नवरा म्हणतो, अगं, मीपण असाच होतो,
आणि कपाटाची किल्ली शोधत
तिसऱ्यांदा स्वयंपाकघरात येतो.

तिसऱ्या गुरुवारी बाईंनी रिकामी खुर्ची मांडली.
म्हणाल्या, हिच्यावर त्या दिवशीच्या तुम्ही बसलाय.
कुठल्या दिवशीच्या, ते त्यांना माहीत नव्हतं.
मला होतं.
परीक्षेची आदली रात्र. कढईत तेल. माझ्या हातात झारा.
त्याच्या दंडावर गोल गोल वळ उठलेले,
आणि हुंदके देत देत
तो झाऱ्याची भोकं मोजत होता.
एकोणीस आहेत आई, म्हणाला.

त्या बाईला काय काय सुनवायचं
हे मी आठ महिने पाठ केलं होतं.
समोर बसले, तोंड उघडलं,
आणि बाहेर पडलं ते एवढंच,
तू जेवलीस का गं?

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं.
रुबिनाने पाण्याची बाटली सरकवली,
तिच्या मुलाने चावून चावून
बूच चपटं केलेली.
मंदाताई खैरनार भिंतीकडे बघत म्हणाल्या,
माझा चिमटा होता.

आता आम्हाला वही दिलीय.
रोज रात्री एक ओळ, आज काय नीट झालं.
डावीकडे मुलाचं, उजवीकडे आपलं.
डावीकडे जमतं हळूहळू.
आज पोळी पूर्ण खाल्ली.
मुंग्यांची रांग वीस मिनिटं पाहिली, एका जागी बसून.
चिडून हात उगारला आणि स्वतःच खाली घेतला.
उजवी बाजू कोरी.
कोऱ्या तावावर काय खूण करायची
हे आम्हाला कधी शिकवलेलं नाही.

काल मुंबई नाक्याला तासभर अडकून घरी पोचले,
बेल दाबली. वाजेना.
आतून त्याचा आवाज,
आई, थांब, मी बेल उघडलीय,
आत छोटी वाटी आहे, ती वाजते!
स्क्रू सापडेपर्यंत दार उघडणार नाही, असं ठरलं त्याचं.
मी पायरीवर बसले.
पर्स मांडीवर. समोरच्यांच्या घरी लसणाची फोडणी.
दोन, फार तर तीन मिनिटं
मी कुणाचीच कुणी नव्हते.

रात्री उजवीकडे लिहिलं,
पायरीवर बसले.
हे नीट झालेल्यात धरतात का,
गुरुवारी विचारायला हवं.